सरकीच्या कढईला घंटा बसवली तेव्हा

जळगाव जामोदच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागून मला आठ महिने झाले होते. महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि माझी नोकरी त्याहून नवी. मी मेहकरचा. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेलो. शाळेत मात्र उष्णता, प्रकाश, चुंबक असं सगळंच शिकवायचो, कारण दुसरं कोणी नव्हतं.

एप्रिलमध्ये परीक्षा संपत आल्या होत्या. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं की गावाबाहेरच्या तेल मिलच्या मालकांनी मुंबईहून एक यंत्र मागवलंय, त्याचं पुस्तक इंग्रजीत आहे आणि ते लावून द्यायला माणूस हवाय. मी म्हटलं, मला यंत्रातलं काही कळत नाही. हेडमास्तर म्हणाले, मालक आपल्या शाळेच्या कमिटीवर आहेत. मग मला यंत्रातलं कळायला लागलं.

मिल सरकीच्या तेलाची होती. फोडलेली सरकी आधी एका मोठ्या दुहेरी भिंतीच्या कढईत जायची. दोन भिंतींच्या मधून वाफ फिरायची आणि आतली सरकी शिजायची. शिजलेली सरकी घाण्यात जायची. एका बाजूनं तेल यायचं, दुसऱ्या बाजूनं ढेप, म्हणजे गुरांना घालायची पेंड. कढई फार तापली तर तेल काळं पडायचं, कमी तापली तर तेल सुटायचंच नाही. इतकी वर्षं हे सगळं एका मिस्त्रींच्या बोटांवर चाललं होतं. ते कढईतली चिमूटभर सरकी काढून अंगठ्यानं चुरडायचे, हुंगायचे आणि वाफेचा कॉक थोडा इकडे नाहीतर तिकडे फिरवायचे. पण त्या वर्षी मिस्त्री पुतणीच्या लग्नाला रोहिणखेडला गेले आणि मागे राहिलेल्या लोकांनी दोन दिवसांत इतकं काळं तेल काढलं की मालकांनी धसका घेतला. म्हणून ते यंत्र आलं.

यंत्र म्हणजे थाळीएवढी एक गोल तबकडी. तिच्या पाठीतून तांब्याची बारीक नळी निघून कढईत जायची. तबकडीवर एक काळा काटा होता, तो कढई किती तापली ते दाखवायचा. शिवाय दोन लाल काटे होते. ते आपण किल्लीनं हवे तिथे लावून ठेवायचे. काळा काटा वरच्या लाल काट्याला भिडला की घंटा वाजणार, म्हणजे कढई फार तापली. खालच्या लाल काट्याला भिडला तरी घंटा वाजणार, म्हणजे निवली.

मिलमधले लोक त्याला घड्याळ म्हणायचे. मी गेलो त्या दिवशी एका हमालानं त्यात पाहून दुसऱ्याला सव्वानऊ झाले म्हणून सांगितलं होतं आणि दोघं जेवायला बसले होते.

मिस्त्री पन्नाशीचे, सडपातळ, अंगातल्या बंडीपासून डोक्यावरच्या टोपीपर्यंत तेलात मुरलेले. त्यांनी मला नमस्कार केला, स्टूल दिलं आणि यंत्राकडे पाठ करून उभे राहिले. लग्नाला काय गेलो, मालकांनी माझ्या जागी घड्याळ आणून बसवलं, असं त्यांना वाटत असावं. मी पुस्तक उघडलं. पहिल्या चार पानांत सगळं होतं. पुढच्या पानांवर आकृत्या होत्या, त्या मी सोडून दिल्या. चौथ्या पानावर एक तक्ता होता आणि त्यात सरकीसाठी आकडे दिले होते: खालचा एकशे पाच, वरचा एकशे पंधरा. मी किल्ली घेतली, एक लाल काटा एकशे पाचवर लावला, दुसरा एकशे पंधरावर, आणि झालं म्हणून सांगितलं. या सगळ्याला दहा मिनिटं लागली. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

घंटेचा प्रश्न मालकांनी सोडवला होता. त्यांच्या एका मोकळ्या जागेत दर हिवाळ्यात टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. त्या वर्षी तंबूवाल्यानं नवी विजेची घंटा घेतली आणि जुनी मालकांना देऊन टाकली. चांगली खणखणीत होती. मिस्त्रींनी तारा जोडून ती खांबावर ठोकली.

कढई अजून बंद होती. काळा काटा एकशे दहावर होता, बरोबर दोन लाल काट्यांच्या मध्ये. घंटा गप्प होती. मालक खूश झाले आणि म्हणाले, "पाहा, कसं शांत उभं हाय."

मिस्त्रींनी वाफ सोडली. काटा हलला, एकशे पंधराला भिडला आणि घंटा वाजायला लागली. मी म्हटलं, फार तापली, वाफ कमी करा. त्यांनी कमी केली. घंटा वाजतच राहिली. मी आणखी कमी करायला सांगितलं. शेवटी कॉक पुरा बंद झाला. अर्ध्या तासानं कढई निवून काटा परत एकशे चौदावर आला, तेव्हा कुठे घंटा थांबली. आत सरकी कच्चीच होती. घाण्यानं ती चावली आणि ढेपेबरोबर तशीच बाहेर टाकली. पुन्हा वाफ सोडली, पुन्हा घंटा. असं तीनदा झालं. यंत्राचं म्हणणं असं दिसत होतं की मिल बंद ठेवली तर सगळं ठीक आहे.

मालक माझ्याकडे पाहायला लागले होते. मी पुस्तकाकडे पाहत होतो. मिस्त्री पहिल्यांदाच यंत्रासमोर आले, खाली वाकून तबकडीचे आकडे त्यांनी बोटानं मोजले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मास्तर, मागल्या साली मले मलेरिया झालता. डॉक्टरनं काचेची नळी लावून एकशे पाच ताप सांगतला. आता मले सांगा, माह्या तोंडात सरकी शिजली असती का?"

मी तबकडी पुसली. खाली मधोमध, शाईच्या डागाखाली, फॅरनहाइटचं अक्षर होतं. पुस्तकातले आकडे सेल्सियसचे होते. मेट्रिक पद्धत देशात नुकतीच आली होती, पुस्तक नवं छापलेलं आणि तबकडी जुन्या साठ्यातली. आणि आम्ही कढई बंद असताना मोजलं ते एकशे दहा म्हणजे एप्रिलच्या दुपारी आमच्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये जे तापमान असतं ते. महिनाभरापूर्वी मी नववीच्या वर्गात एका मुलीला हेच रूपांतर चुकवल्याबद्दल पाच वेळा लिहायला लावलं होतं.

मालकांना मी सांगितलं की आकडे जरा जुळवून घ्यावे लागतील. मिस्त्रींनी तापाची गोष्ट मालकांपुढे काढली नाही. हा त्यांचा मोठेपणा मी अजून विसरलेलो नाही. मी भिंतीवर कोळशानं गणित केलं, खालचा काटा दोनशे एकवीसवर आणि वरचा दोनशे एकोणचाळीसवर नेला. त्या दिवशी तेल पिवळंधमक निघालं. मालकांनी मला घरी जेवायला नेलं.

चार दिवसांनी मिस्त्रींचा निरोप आला. घंटा बरोबर वाजत होती. कढई फार तापली की वाजायची. पण ती वाजली की मिलमधली माणसं उठून बाहेर निघून जायची.

मी जाऊन पाहिलं. घंटा वाजली आणि सरकीच्या पोत्यांवरचे, घाण्याजवळचे, ढेप उचलणारे सगळे एकेक करून मागच्या दारानं चहाच्या टपरीवर जाऊन बसले. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. ती घंटा त्यांनी दरवर्षी तंबूत ऐकली होती आणि ती वाजली की इंटरवल व्हायची. एका म्हाताऱ्या मजुराला मी विचारलं, काऊन उठलात म्हणून. तो म्हणाला, मलेही काही समजत नाई मास्तर, पाय आपोआप उठतात.

मिस्त्रींची अडचण वेगळी होती. घंटा वाजली की कढई तापली की निवली, ते कळत नव्हतं. दोन्हीला आवाज एकच. दोनदा त्यांनी तापलेल्या कढईला आणखी वाफ दिली होती. मी म्हटलं, काट्याकडे पाहायचं ना. ते म्हणाले, काट्याकडेच पाहायचं तर घंटा कायले पाहिजे.

मग दोन वेगळे आवाज करायचे ठरलं. तापल्यावर घंटा, निवल्यावर दुसरं काहीतरी. मालकांच्या जीपचा जुना हॉर्न गोदामात पडला होता. तसाच नवा त्यांनी जीपला बसवला होता. जुन्यालाही बॅटरी लावली की तो चांगला ओरडायचा. मिस्त्रींनी तो खालच्या लाल काट्याच्या तारेला जोडला. आम्ही कढई मुद्दाम निववून पाहिली. हॉर्न वाजला आणि सगळी मिल ताडकन कामाला लागली. बसलेले उठले, उभे होते ते धावले. मालक आले असंच सगळ्यांना वाटलं. मिस्त्रींनी वाफ वाढवली, कढई तापली, हॉर्न थांबला. मला वाटलं, हे तर फारच छान झालं. निवल्यावर सगळ्यांनी जोर लावायचा, हेच तर हवं होतं. घंटेचं काय करायचं ते पुढे पाहू, असं म्हणून मी घरी आलो.

पुढच्या आठवड्यात मालकांचे सासरे लेकीला भेटायला अकोल्याकडून आले. मोठे शेतीवाले, धिप्पाड, पांढरं धोतर, डोक्याला फेटा, आणि बोलणं अगदी कमी. मालकांना जगात कोणाचा धाक असेल तर त्यांचा. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी मिल पाहून नुसतं "हं" म्हटलं होतं आणि ते "हं" मालकांच्या मनात बारा वर्षं राहिलं होतं. आता नवं यंत्र दाखवून ते पुसायचं होतं. यंत्र समजावून सांगायला मला बरोबर घेतलं. मालक जीप चालवत होते, सासरे शेजारी आणि मी मागे पुस्तक मांडीवर घेऊन.

मिलच्या फाटकाशी सरकीच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. एक गाडी नेमकी फाटकात आडवी होती आणि गाडीवान कुठे दिसत नव्हता. मालकांनी हॉर्न वाजवला.

आत मिस्त्रींनी तो ऐकला आणि वाफेचा कॉक थोडा उघडला.

गाडी हलली नाही. मालकांनी पुन्हा वाजवला, जरा लांब. आत मिस्त्रींनी कॉक आणखी उघडला. मला हे माहीत नव्हतं, पण तिसऱ्यांदा हॉर्न वाजला तेव्हा एकदम उमगलं. मी पुढे वाकून म्हटलं, मालक, हॉर्न वाजवू नका. हॉर्नच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं म्हटलं. त्यांना वाटलं मी गाडीवानाला ओरडतोय, म्हणून मला मदत करायला त्यांनी आणखी जोरात वाजवला. सासरे समोरच्या बैलांकडे पाहत होते.

मी जीपमधून उडी मारून गाड्यांच्या मधून आत पळालो. अर्ध्या वाटेत घंटा वाजली. मागच्या दारातून माणसं बाहेर पडायला लागली. मी आत पोचलो तेव्हा शेडमध्ये मिस्त्री एकटेच होते. त्यांनी कॉक बंद केला, बाहेर जीपचा हॉर्न वाजला, त्यांनी तो उघडला, खांबावरची घंटा वाजतच होती, त्यांनी परत बंद केला. कपाळावरून घाम गळत होता. मी ओरडून सांगितलं की तो हॉर्न मालकांचा आहे. ते म्हणाले, कोणता. मी म्हटलं, बाहेरचा. ते म्हणाले, मग आतला कोणता वाजून राह्यला. मी म्हटलं, आतला वाजतच नाही. तेवढ्यात कढईतून करपल्याचा वास आला आणि पत्र्याला धुराची एक पातळ चादर लागली.

मालक आणि त्यांचे सासरे पायीच आत आले. शेडमध्ये धूर, खणखणणारी घंटा, घाण्याचा पट्टा नुसताच फिरतोय, पोती उघडी, आणि माणूस म्हणून मी आणि मिस्त्री. मालकांचा चेहरा पाहवत नव्हता. मिस्त्री कॉकवर हात ठेवून त्यांच्याकडे वळले.

"मालक," ते म्हणाले, "हॉर्न तुमी वाजवला का कढईनं?"

मालकांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगायला पुस्तक उघडलं आणि ते उलटं धरलंय हे माझ्या थोडं उशिरा लक्षात आलं. सासऱ्यांनी सगळ्या शेडवरून सावकाश नजर फिरवली, मग मिस्त्रींना विचारलं की लोक कुठं गेले.

"इंटरवल झाली," मिस्त्री म्हणाले.

सासऱ्यांनी मान डोलावली, जणू प्रत्येक मिलमध्ये इंटरवल होतच असते. मग जावयाला म्हणाले, "चला जवाईबुवा, आपनबी चा घेऊ."

मागच्या टपरीवर मजुरांनी त्यांना बाकावर जागा करून दिली. फेट्यातला तो धिप्पाड माणूस दोन हमालांच्या मध्ये बसला आणि बशीतून चहा प्यायला लागला. मालक उभेच राहिले. त्यांना वाटत होतं आता काय ऐकावं लागणार. सासऱ्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या मजुराला विचारलं, घंटा कशाची होती. त्यानं तंबूतल्या सिनेमाची सगळी हकिगत सांगितली, कोणत्या जत्रेत कोणता खेळ लागला होता तेही. सासऱ्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. एका खेळाचा शेवट त्यांचा पाहायचा राहिला होता, कारण तेव्हा गाडीची वेळ झाली होती. तो शेवट मजुरानं त्यांना सांगितला. त्यावर सासरे हसले. मालकांनी बारा वर्षांत त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं आणि तेही पटकन टपरीवर बसले.

त्या दिवशीची करपलेली ढेप एका गवळ्यानं नको न म्हणता नेली. तिसऱ्या दिवशी तो परत आला आणि तीच भाजकी ढेप आणखी मागायला लागला. त्याच्या म्हशींना दुसरी चालेना.

हा गोंधळ झाला त्याच संध्याकाळी मी खोलीवर जाऊन पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसलो. सोडून दिलेल्या आकृत्यांच्या खाली बारीक अक्षरात दोन गोष्टी लिहिल्या होत्या. पहिली अशी की इशाऱ्यासाठी जो आवाज निवडाल तो त्या जागी इतर कोणत्याही कारणानं ऐकू येणारा नसावा. मी हे वाक्य तीन वेळा वाचलं. दुसरी अशी की तबकडीच्या पाठीमागे एक बारीक स्क्रू आहे. घाण्याच्या हादऱ्यानं काळा काटा लाल काट्यापाशी थरथरत राहिला तर घंटा सारखी तुटक तुटक वाजते आणि लोकांचे कान किटतात. तो स्क्रू फिरवला की एकदा वाजलेली घंटा काटा चांगला चार-पाच अंश मागे येईपर्यंत बंद होत नाही आणि बंद झाली की उगाच परत सुरू होत नाही. असं तुटक वाजणंही आमच्याकडे होत होतं. मिस्त्रींनी त्यावर आपला उपाय काढला होता. तुटक वाजायला लागली की ते घंटेत कापूस कोंबायचे. आमच्याकडे कापसाला काय तोटा.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर मिलमध्ये गेलो आणि मिस्त्रींना सगळं खरं सांगितलं. पुस्तकाची चारच पानं वाचली होती, हेही सांगितलं. ते म्हणाले, म्या तर एकबी नाई वाचलं. मग आम्ही दोघांनी मिळून काम केलं. तंबूची घंटा आणि जीपचा हॉर्न काढला. तापल्याच्या इशाऱ्यासाठी एक कर्कश बझर आणला. तो इतका वाईट वाजायचा की गावात कोणत्याही चांगल्या कामासाठी कोणी वापरला नसता. निवल्याच्या इशाऱ्यासाठी आवाजच ठेवला नाही, नुसता हिरवा दिवा, मिस्त्रींच्या स्टुलासमोर. स्क्रू मी फिरवत होतो आणि मिस्त्री काट्याकडे पाहत होते. थोडा आणखी, थोडा मागे, असं ते सांगत होते. शेवटी त्यांनी कढईतून चिमूटभर सरकी काढली, चुरडली, हुंगली आणि काट्याकडे पाहिलं. काटा दोनशे तीसवर होता. "आता बराबर बोलून राह्यलं," ते म्हणाले.

त्यानंतर मी मिलमध्ये फारसा गेलो नाही. कोणी बोलावलं नाही, म्हणजे सगळं ठीक चाललं असावं. दिवाळीनंतर पुन्हा सरकीचा हंगाम सुरू झाला.

एका सकाळी माझा दहावीचा तास चालू होता. त्या आठवड्यात तपासणीला साहेब येणार म्हणून दारात कोणी आलं की उठायचं आणि सांगितल्याशिवाय बसायचं नाही, असं मुलांना नीट समजावलेलं होतं. दारात सावली पडली आणि सगळा वर्ग एका दमात उभा राहून नमस्ते म्हणाला. दारात मिस्त्री होते, तेलकट बंडीत, हातात टोपी. त्यांनीही वर्गाला नमस्ते केलं. मग मला सांगितलं की पहाटे ते घाण्याचा पट्टा शिवायला दुसऱ्या शेडमध्ये गेले होते. कॉकचं चाक ढिलं होऊन आपोआप उघडलं, बझर वाजला, ते पळत आले आणि बंद केलं. तेल वाचलं. एवढं सांगायला ते दीड मैल चालत आले होते.

मी मिस्त्रींना बसा म्हटलं. ते म्हणाले, कढई चालू हाय. मग फळ्यावरच्या आकृतीकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि निघाले. मला खिडकीतून ते मैदान ओलांडताना दिसत होते, मध्ये एकदा थांबून चपलेतला खडा काढताना. ते फाटकाबाहेर गेले तरी वर्ग उभाच होता. मीही मुलांना बसायला सांगितलं नव्हतं.